तिसरा रकाना

यासना, दोघींची जोडगाडी आणू नकोस.
या टेकडीला एकशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत
आणि दोरावर चढणाऱ्या त्या डब्याचं दार
धड एका गाडीपुरतंही उघडत नाही.
तेवीस वर्षं मी तिथं तिकिटं फाडली, मला विचार.
एक पोर पोटाशी बांध, एक पाठीशी.
पाव, बटाटे, दूध खाली दुकानातच राहू दे,
दुकानदाराचा पोरगा वर आणून देतो.
त्याला नको म्हणू नकोस.
नको म्हणण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

रायेनच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश लाव,
ओफेलियाला काही नको.
दवाखान्यातली पट्टी तिसऱ्या आंघोळीत सुटते.
तू म्हणशील, आईला कळतं.
पहाटे साडेतीनला नाही कळत, बाई.
मी एकदा दागोबेर्तोला दोनदा पाजलं
आणि रिगोबेर्तो भिंतीकडं बघत पडला होता, गप्प.
रडणारी स्वतःचं बघून घेते.
गप्प असेल तिच्याकडं आधी जा.

एक उठली की दुसरीलाही उठव.
झोपलेल्या लेकराला उठवू नये म्हणतात;
म्हणणाऱ्यांना एकेकच झालेलं असतं.

"काही लागलं तर सांग" म्हणत कुणी आलं
तर त्यांच्या हातात भांडी दे.
बाळ नाही. बाळ घेऊन बसायला सगळं वालपाराइसो तयार आहे.
जुलैत लंगोट वाळत नाहीत,
रॉकेलच्या शेगडीपासून हातभर लांब दोरी बांध,
हातभर म्हणजे माझा हात, तुझा नव्हे.

तुझा नवरा बंदरावरून येईल तेव्हा
तोही दमलेला असेल, तूही,
आणि दोघांपैकी जास्त कोण, याचा हिशेब निघेल.
आमच्याकडं नियम होता, उशिरा केलेला:
रात्री बारा ते पाच जे बोललं गेलं
ते सकाळी धरायचं नाही.

पुढचं मला विचारू नकोस.
नावं जुळवून ठेवली, ती माझी चूक;
एकाला हाक मारली की दोघं यायचे,
आता एक रोज फोन करतो
आणि दुसऱ्याची खबर मला त्याच्याकडून कळते.

हां, वही. वही ठेव.
पानावर उभी रेघ मार, दोन रकाने कर:
कोण, किती वाजता, कोणत्या बाजूनं, शी झाली का.
डोकं चालत नसतं तेव्हा कागद चालतो.

माझी वही परवा सापडली, पिठाच्या डब्यामागं.
सतरा ऑगस्टच्या पानावर
माझं अक्षर नाही.
तो दिवस मला आठवतच नाही, यासना.
ताप होता म्हणे.
अक्षर खालच्या घरातल्या ओर्तेन्सियाचं,
जिच्याशी मी तेव्हा बोलत नव्हते;
माझ्या कपड्यांचं पाणी तिच्या अंगणात ठिबकायचं,
त्यावरून काय काय म्हणाले होते मी तिला.
वर कशी आली, दार कुणी उघडलं,
काही ठाऊक नाही. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली.

सहा वाजता दागो. सव्वासहाला रिगो.
नऊ, साडेनऊ. दुपारी दोघं एकदम.
आणि तिनं आणखी एक रेघ मारली होती,
जरा वाकडी, पट्टी न घेता.
वर लिहिलं होतं: आई.
खाली: अकरा वाजता सूप. अर्धंच प्यायली.
चार वाजता उरलेलं.

तर वहीत रकाने तीन कर.
चार वाजता मी येते. दार नुसतं लोटून ठेव,
उठू नकोस.